जोडीदारानं फसवल्यानंतर: मला पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडला राहते आणि मस्जिद बंदरला एका पेढीवर हिशेब लिहिते. २०२२ साली माझ्या नवऱ्याचं बाहेर प्रकरण असल्याचं मला कळलं. तेव्हा माझी नोकरी सुटून नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर ओळखीतल्या, मग ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायका आणि काही पुरुषही फोन करायला लागले. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. मी वकील नाही, समुपदेशकही नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते स्वतःच्या कामासाठी समजून घेतलेलं आहे. तुमच्या कागदांवर सही करण्याआधी वकिलाला दाखवाच.

आजच कळलंय. आत्ता काय करू?

आज काहीच मोठं करू नका.

मला कळलं ते फास्टॅगच्या मेसेजवरून. गाडी त्याच्या नावावर होती, पण टॅगला नंबर माझा, कारण घरातले सगळे ओटीपीचे उद्योग माझ्याकडे. दुपारी गवार निवडत बसले होते आणि मेसेज आला: खालापूर टोलनाक्यावर पैसे कापले. तो तर अंधेरीला ऑफिसात होता, सकाळी तसं सांगून, डबा घेऊन गेला होता. मी गवार निवडून संपवली. म्हटलं, कुणाला गाडी दिली असेल. रात्री तो आला, मी डबा सिंकमध्ये टाकायला उघडला आणि बघते तर डबा घासलेला. तेरा वर्षांत त्यानं कधी डबा घासला नव्हता.

त्या रात्री मी जे केलं ते तुम्ही करू नका. सासरच्या अठ्ठावीस जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी भलामोठा मेसेज टाकला. सकाळपर्यंत विषय त्याच्या वागण्याचा राहिलाच नाही, माझ्या मेसेजचा झाला. ‘घरातलं असं चव्हाट्यावर आणतात का?’ हे मी पुढचं वर्षभर ऐकलं.

पहिले तीन-चार दिवस राजीनामा नको, कुठल्याही कागदावर सही नको, स्टेटस नको. वरणभात खा, नाही गेला तर पेज प्या. मारहाण होत असेल तर मात्र थांबू नका, ११२ लावा. महिलांसाठी १८१ आहे. जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. केईएम, नायर, सायन या तिन्ही पालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढायला रांग लागते, बरोबर कुणाला तरी न्या.

झोप लागत नाही, डोळ्यांपुढे तीच चित्रं येतात. वेड लागतंय का?

नाही. बहुतेकांना होतं. घाटकोपरला गाडी थांबली की रडू फुटायचं आणि ठाण्यापर्यंत ओसरायचं, असं मला एकीनं सांगितलं. माझं विक्रोळीला व्हायचं. महिना-दीड महिना उलटूनही झोप येत नसेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टरकडे जा. गोळी घेणं म्हणजे हरणं नाही. मी सात महिने घेतली.

कुणाला सांगावं?

दोघांना. एक जण फक्त ऐकणारा हवा आणि एक जण कामाचा, म्हणजे जो तुमच्याबरोबर बँकेत येईल, वकिलाकडे येईल, मुलीला शाळेतून आणेल. हे दोन्ही गुण एकाच माणसात क्वचित असतात, त्या हट्टाला पेटू नका.

लेडीज डब्यातल्या रोजच्या मैत्रिणींना सांगताना जपून. त्या जीव लावतात, हळदीकुंकवाला सजवलेला डबा आणि खाली बसून भाजी निवडणं मी कधी विसरणार नाही; पण आठ सतराच्या लोकलमध्ये सांगितलेली गोष्ट आठ एकोणचाळीसच्या लोकलमध्ये पोचलेली असते.

लोक काय म्हणतील?

म्हणतील. १८८७ साली याच शहरातल्या उच्च न्यायालयानं रखमाबाईंना फर्मावलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. सगळी मुंबई बोलत होती, वर्तमानपत्रं बोलत होती. पुढल्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली. त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला अनेक वर्षं दवाखाने चालवले. त्यांचा खटला बालविवाहाचा होता, फसवणुकीचा नव्हे, हे खरं. पण आमच्या चाळीतल्या काकू मला ‘आजकालच्या मुलींना सहनच होत नाही’ म्हणाल्या, तेव्हा ‘आजकाल’ म्हणजे नक्की कधीपासून, असं विचारावंसं वाटलं होतं.

माझंच काही चुकलं का?

संसारात चुकलं असेल, सगळ्यांचंच चुकतं. खोटं बोलायचं कुणी ठरवलं? त्याचं उत्तर एकच आहे.

शारीरिक तपासणी करून घ्यावी का?

हो. हा प्रश्न कुणी पहिल्या फोनला विचारत नाही, म्हणून मीच काढते. तुम्हाला कितीही लाज वाटली तरी तपासणी करून घ्या. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आयसीटीसी केंद्र असतं, तिथे एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. एकदा आत्ता करा आणि एकदा तीन महिन्यांनी, कारण लागण नवी असेल तर पहिल्या चाचणीत दिसेलच असं नाही. सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांचंही डॉक्टरांना विचारा. माहितीसाठी १०९७ हा नंबर आहे. केंद्रातल्या ताईंनी मला काहीही विचारलं नाही; मीच उगाच ‘नवरा बाहेरगावी असतो’ वगैरे सांगत बसले होते.

त्याचा मोबाइल तपासू का? पुरावा म्हणून लागेल ना?

तुमच्याकडे आपोआप आलेलं जपा: तुमच्या नंबरवर आलेले मेसेज, जोड खात्याचं स्टेटमेंट, हॉटेलची बिलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नवराबायकोच्या खटल्यात गुपचूप रेकॉर्ड केलेलं आपसातलं बोलणं पुरावा म्हणून घेता येतं. पण म्हणून पासवर्ड फोडून दुसऱ्याच्या मेलमध्ये शिरायचं किंवा त्याच्या फोनमध्ये पाळत ठेवणारं अॅप टाकायचं, असं करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुम्हीच अडकाल. मेसेज किंवा रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

आणि एक सांगू? परस्परसंमतीनं वेगळं व्हायचं असेल तर या पुराव्यांतलं काहीच लागत नाही. माझी स्क्रीनशॉटची फाइल चारशे पानांची झाली होती. ती कुणीही उघडून बघितली नाही.

पोलिसांत तक्रार करून त्या दोघांना आत टाकता येईल का?

केवळ प्रकरण होतं म्हणून नाही. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते परत आलेलं नाही. मात्र हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार आजही आहे. मारझोड, पैसे अडवणं, घराबाहेर काढणं हे होत असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. पोलीस ठाण्यात एकट्यानं जायला नको वाटत असेल तर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष शोधा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं हा कक्ष १९८४ साली मुंबई पोलिसांच्या आवारातच सुरू केला. तिथे समाजकार्य शिकलेली माणसं बसतात.

रागानं घर सोडून माहेरी जाऊ का?

जिवाला धोका असेल तर आत्ता निघा. नसेल तर थांबा, आधी कागद बघा. घर कुणाच्याही नावावर असो, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बायकोला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ते सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिला हा हक्क मागता येतो. माहेरी चार दिवस जाणं निराळं आणि बॅगा भरून जाणं निराळं.

मुंबईत आणखी एक अडचण: दोन घरांचं भाडं कुठून आणायचं? परस्परसंमतीच्या अर्जासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, पण ‘वेगळं’ म्हणजे वेगळ्या छपराखालीच असं नाही. १९९१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की नवराबायको म्हणून राहत नसणं, हा त्याचा अर्थ. आम्ही आठ महिने वन रूम किचनमध्ये असे वेगळे राहिलो. तो हॉलमध्ये, मी आणि लेक स्वयंपाकघरात. फ्रिज स्वयंपाकघरात असल्यामुळे तो पाणी प्यायला यायचा तेव्हा दार वाजवायचा.

पैशांचं आधी काय बघू?

फक्त स्वतःच्या नावाचं खातं उघडा आणि पगार असेल तर तिकडे वळवा. जोड खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कुणीही एकटा सगळे पैसे काढू शकतो, म्हणून बँकेला लेखी कळवा की यापुढे दोघांच्या सह्यांशिवाय व्यवहार नको. तुम्हीही ते खातं रिकामं करू नका. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तेव्हा तो आकडा समोर येतोच.

गृहकर्जात दोघं सहकर्जदार असाल तर घटस्फोटानं बँकेला काही फरक पडत नाही. त्यानं हप्ता बुडवला तर तुमचाही सिबिल स्कोअर पडतो. नॉमिनी बदला: विमा, पीपीएफ, म्युच्युअल फंड. पीएफचंही ऑफिसात विचारा. दागिन्यांचे फोटो काढून ठेवा, पावत्या सापडल्या तर उत्तमच. स्त्रीधन तुमचं आहे, सासूबाईंच्या लॉकरमध्ये असलं तरी.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं आहे. नंबर १५१००.

नऊ-दहा वर्षं घरी होते. आता नोकरी कोण देणार?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते सुरुवात इथून करायची असते. प्रेमाचं नंतर बघता येतं. महिन्याच्या सात तारखेला स्वतःच्या खात्यात थोडे का होईना पैसे जमा झाले की डोकं वेगळं चालायला लागतं. राहायचं की निघायचं हा प्रश्नसुद्धा तेव्हाच नीट दिसतो.

मी २०१३ साली लेक झाली तेव्हा नोकरी सोडली. तेव्हा व्हॅट होता. परत आले तर जीएसटी येऊन पाच वर्षं झालेली. पहिल्या मुलाखतीत समोरच्या पोरानं विचारलं, ‘थ्री बी कोण भरायचं तुमच्याकडे?’ मी म्हटलं, ‘आमची बी विंग.’ तो हसला नाही. मी घरी येऊन हसले आणि मग रडले.

मग एका ओळखीच्या सीएंकडे मुलुंड पूर्वेला सहा आठवडे बिनपगारी बसले. अकरा तारखेला जीएसटीआर-१, वीसला थ्री बी, ही जीएसटीची महिन्याला भरायची विवरणपत्रं. महिन्याचं हे चक्र डोक्यात बसलं की निम्मं काम आलं. टॅलीत मेनू बदलले होते, पण जमा-नावे तीच होती. सातव्या आठवड्यात त्यांच्याच एका अशिलानं बोलावलं. मस्जिद बंदर, दुसरा मजला, जिन्यात खारकेच्या गोणी, पगार १४,००० रुपये. नात्यातल्या एकीनं विचारलं, ‘एवढ्यासाठी एवढा प्रवास?’ त्या पगारातून मी पहिल्यांदा काय घेतलं तर लोकलचा तीन महिन्यांचा पास. तो पर्समध्ये वर दिसेल असा ठेवायचे.

तुमचं क्षेत्र वेगळं असेल, पण चार गोष्टी सगळीकडे लागू पडतात. बायोडेटात गॅप लपवू नका, एका ओळीत लिहा: ‘२०१३ ते २०२२, कौटुंबिक जबाबदारी’. मुलाखतीत घटस्फोटाची कथा सांगू नका, विचारलं तरी ‘आता पूर्णवेळ काम करू शकते’ एवढंच. तुम्ही सोडून गेलात त्यानंतर तुमच्या धंद्यात नेमकं काय बदललं, ते शोधून तेवढंच शिका. बायका घाबरून सहा-सहा कोर्स करतात आणि अर्ज एकही करत नाहीत. आणि पहिली नोकरी घराजवळचीच हवी असं धरून बसू नका. पदवी अर्धी राहिली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, नोकरी सांभाळून पुरी होते. कमी पगाराची लाज वाटते, मलाही वाटायची. दीड वर्षात तो २२,००० झाला. फार नाही, पण घरभाडं विचारताना आवाज बदलतो.

नोकरी आहे, पण प्रकरण त्याच ऑफिसातलं आहे. रोज तोंड बघावं लागतं.

लगेच राजीनामा देऊ नका. तुम्ही जागा सोडून द्यायची आणि ते दोघं तिथेच, हे कशाला? दुसरी शाखा, दुसरी टीम मागून बघा. एचआरला सगळी कहाणी सांगायची गरज नाही, ‘वैयक्तिक कारणामुळे या व्यक्तीबरोबर काम करणं कठीण आहे’ एवढं बस. दरम्यान बाहेर अर्ज चालू ठेवा. हातात दुसरं ऑफर लेटर आल्यावर मात्र क्षणभर थांबू नका.

तो परत यायचं म्हणतोय. एक संधी द्यावी का?

मी चार महिने दिली. नाही जमलं. म्हणून ‘देऊच नका’ असं म्हणणार नाही, कारण गिरगावातलं एक जोडपं मला माहीत आहे, त्यांचं जमलं. तो रोज आल्यावर फोन अनलॉक करून फ्रिजवर ठेवतो. तिनं पहिले सहा महिने रोज बघितला, मग आठवड्यातून एकदा, आता तो फोन तिथे नुसता पडलेला असतो. तीन वर्षं झाली. तो अजून ठेवतो, हे महत्त्वाचं.

माझ्याकडे सत्य हप्त्याहप्त्यानं आलं. आधी ‘फक्त मैत्री’, मग ‘एकदाच’, मग ‘दिवाळीपासून’, आणि मला वाटलं तळ लागला तेव्हा कळलं की दिवाळी आदल्या वर्षीची. आम्ही हिशेबवाले महिनाअखेरीस बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही समोरासमोर ठेवून एकेका नोंदीवर पेन्सिलीनं खूण करत जातो. एक नोंद खोटी निघाली की आधीच्या सगळ्या खुणा पुसाव्या लागतात. चौथ्यांदा पुसताना माझा हात थांबला.

बघायचं ते हे: सगळं एकदम सांगितलं का, तिकडचा संपर्क खरंच तोडला का, आणि तुम्ही दहाव्यांदा तोच प्रश्न विचारलात तर तो ‘अजून किती दिवस तेच तेच’ म्हणतो की उत्तर देतो. रडण्याला फार किंमत देऊ नका.

मुलांना काय सांगायचं?

वयाला पेलेल एवढं खरं. ‘आईबाबांचं एकमेकांशी पटत नाही, तुझ्यामुळे नाही, आणि तू दोघांचीही आहेस.’ मुलांकडून निरोप पाठवू नका आणि त्यांना हेर करू नका. माझी लेक नऊ वर्षांची होती. तिचा पहिला प्रश्न: ‘मग गणपतीला मी कुणाकडे?’ आम्ही ठरवून टाकलं, दीड दिवस त्याच्याकडे, गौरी माझ्याकडे.

मी पुरुष आहे. माझ्या बायकोनं फसवलंय. तुमच्याकडे माझ्यासाठी काही आहे का?

वरचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू आहे, तपासणीसकट. अंतरिम पोटगी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली नवराही मागू शकतो. एका गृहस्थांनी कट्ट्यावर मित्रांना सांगितलं तर त्यांनी बाटली काढली आणि दुसऱ्या दिवसापासून टोपणनाव ठेवलं. ते मला फोनवर बोलताना दर दोन वाक्यांना ‘तसं काही नाही’ म्हणायचे. दारू थोडी लांब ठेवा आणि ‘तसं काही नाही’ म्हणणं बंद करा, तसंच आहे.

घटस्फोटाला किती वेळ लागतो?

संमतीनं असेल तर अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असते. परिस्थिती तशी असेल तर कोर्ट ती माफ करू शकतं, २०१७ च्या निकालापासून. संमती नसेल तर वर्षं मोजायची तयारी ठेवा. कौटुंबिक न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, वांद्रे पूर्वेहून शेअर रिक्षा मिळते. तिथल्या समुपदेशकांशी खरं बोला, त्या तुमच्या विरोधात नसतात. पाण्याची बाटली आणि डबा न्या. नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

पुन्हा कुणावर विश्वास बसेल का? नव्या माणसाला हे कधी सांगायचं?

पहिल्या भेटीत सांगू नका, तिसरी-चौथी उलटेपर्यंत लपवूही नका. आणि कागदोपत्री मोकळं होण्याआधी घाई नको.

विश्वास बसण्याबद्दल माझं हे. मुलीच्या क्लासबाहेर थांबता थांबता एकांची ओळख झाली, त्यांची बायको काही वर्षांपूर्वी वारली. एका रविवारी माटुंग्याला कॉफी प्यायचं ठरलं. मी वेळेवर पोचले, ते नाहीत. वीस मिनिटांनी मेसेज आला: ‘मेगाब्लॉक आहे, गाडी रखडली.’ मी तिथल्या तिथे एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळांचं अॅप उघडून बघितलं, मध्य रेल्वेचा ब्लॉक खरंच आहे का. होता. ते आल्यावर मी सांगून टाकलं की मी तपासून बघितलं, आणि का, तेही सांगितलं. ते म्हणाले, ‘मीही निघण्याआधी तपासायला हवं होतं, बसनं आलो असतो.’ आणि वेटरला दोन कॉफी सांगितल्या.

लग्नाचं विचारू नका. आई विचारते तेवढं पुरे आहे. फास्टॅगवरचा माझा नंबर मात्र परवाच्या आठवड्यात काढून घेतला. इतकी वर्षं त्या गाडीचे टोल मला कळत होते.